रडणं थांबेपर्यंत

काडीच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. पुढच्या खोलीतल्या बाकावर चार माणसं सहज मावली असती. बाक काडीच्या आजोबांनी स्वतःच्या हातांनी केलेला होता; मागचा सुतारकामाचा कारखाना त्यांचाच, आणि घरातलेही त्यांना उस्तादच म्हणत. त्याच्या एका टोकाला ती गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून बसली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी. ताई दारातून आत आली तेव्हा तिने मान वर केली, "आत्या" म्हणाली आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडे बघायला लागली.

ताईने पिशवी खाली ठेवली. जवळ जावं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा असं मनात आलं, पण हात काही उठेना.

"जेवलीस का?"

"हो."

"आजी कुठेय?"

"आत. सगळे आत आहेत. मला इथेच बसायला सांगितलंय."

आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. तिच्या बापाला, ताईच्या धाकट्या भावाला, पोलीस न्यायला आले त्या दिवशी तोही असाच बसला होता, याच बाकावर. कारखान्यातल्या एका माणसाच्या पाठीत त्याने लाकडी हातोडा घातला होता. तो माणूस पुन्हा चालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि धाकट्याने ताट स्वच्छ करून, हात पुसून विचारलं होतं, "निघायचं ना?" आता तो तुरुंगात होता आणि त्याची लेक इथे आजीजवळ राहत होती. काडीची आई तर त्याच्याही आधीच निघून गेली होती, काडी सहा वर्षांची असताना. जाताना तिला फक्त स्वतःचाच जीव वाचवता आला.

ताई नर्स होती, आणि तिची अर्धी नोकरी तान्ह्या मुलांच्या वॉर्डात गेली होती. एका ओळीत झोपलेली ती गाठोडी बघताना तिच्या मनात नेहमी एकच यायचं: यातलं कोण काय होणार, हे आत्ता कुठे लिहिलेलं असेल का? तिने लग्न केलं नाही त्याचं कारण लोक वेगवेगळं सांगत. खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. उस्तादांचं नाक, उस्तादांची बोटं तिच्याकडे आली होती. आणखी काय आलं असेल ते पुढच्या पिढीत उघडं पडलेलं तिला बघायचं नव्हतं.

ती काडीसमोरून मागच्या खोलीत गेली. जाताना पाठ तिच्याकडे होऊ नये म्हणून जरा तिरकी चालली, आणि ते लक्षात येऊन तिला स्वतःचीच लाज वाटली.

मागच्या खोलीत आई टेबलाशी बसली होती. दादा खिडकीजवळ होता. वहिनी उभीच होती, जिन्याच्या पायथ्याशी, कान वरच्या मजल्याकडे लावून. वर छोटी झोपली होती. पाच वर्षांची, दादा-वहिनींची एकुलती एक. काल रात्रभर तिला सलाईन लावून ठेवलं होतं. आज दुपारी घरी सोडलं, आणि प्रवास नको म्हणून आजचा दिवस इथेच काढा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"ताई आल्या, बरं झालं," वहिनी म्हणाली. "आता सगळ्यांसमोर एकदाच बोलते. आज संध्याकाळच्या आत तिची दुसरीकडे सोय करा. नाहीतर मी पोलिसांत जाणार."

"तेरा वर्षांची पोर आहे ती," आई म्हणाली. "खेळता खेळता दार लागलं असेल."

"अडसर आपोआप पडत नाही, आई. उचलून टाकावा लागतो. माझ्या मुलीला उचलून नेलं तिने, आत ठेवलं, अडसर टाकला."

मागच्या कारखान्यात लाकूड वाळवायची खोली होती. जाड भिंतींची, बिनखिडकीची. ओल्या फळ्या रचून ठेवायच्या आणि गरम हवा सोडायची. काल सुट्टी होती म्हणून भट्टी बंद होती, पण आदल्या दिवसाचा ताव भिंतींत तसाच होता. विसरलेली हत्यारं घ्यायला मिस्त्री आले म्हणून कळलं. नाहीतर छोटी बागेत खेळतेय अशाच समजुतीत सगळे राहिले असते.

"मिस्त्रींनी काय बघितलं ते सांग ताईंना," वहिनी दादाला म्हणाली.

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. म्हणून तिनेच सांगितलं. "ही दाराला कान लावून उभी होती. आतून माझी मुलगी ओरडत होती. मिस्त्रींनी विचारलं, काय करतेस? तर म्हणाली, ती रडायची थांबते का ते बघतेय."

ताई खुर्ची ओढून बसली.

"मुलांची एक संस्था आहे," ती शेवटी म्हणाली. "आमच्या हॉस्पिटलमधून तिथे मुलं पाठवतात. डॉक्टर असतात, लक्ष ठेवतात. वाईट नाहीये."

"तू पण?" आईने तिच्याकडे बघितलं. "तू पाठच्या भावाच्या लेकीला कोंडवाड्यात टाकणार?"

"आई, मी रोज लहान मुलं हाताळते. आत्ता तिच्यासमोरून आले तर माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?"

"बाप गेला तुरुंगात, आई गेली पळून. पोर जरा घुमी झाली. होईल ठीक."

"घुमी?" वहिनी म्हणाली. "आई, उस्ताद काय होते ते या घराला माहितीय. त्यांचा मुलगा काय निघाला ते गावाला माहितीय. आता ही. रक्तच तसलं आहे, त्याला कोण काय करणार?"

बोलून झाल्यावर तिला दिसलं, दादाने खिडकीकडची मान वळवून तिच्याकडे बघितलं होतं. रागाने नाही. नुसतंच.

मग तिच्या ध्यानात आलं. ते रक्त फक्त पुढच्या खोलीत बसलेलं नव्हतं. ते खिडकीशी उभं होतं, आणि वर पांघरुणात झोपलं होतं.

वहिनीने या माणसाबरोबर दहा वर्षं संसार केला होता. ती नकाशे काढायची, तो चष्म्याच्या काचा घासायचा, दोघांचंही काम बारीक आणि शांत. भांडण झालं की तो आवाज चढवत नसे. चपला घालून बाहेर पडे आणि दमून परत येई. मैत्रिणींना ती कौतुकाने सांगायची, आमच्याकडे आदळआपट नाही. तो नक्की कशापासून लांब जाण्यासाठी इतका चालतो, हा प्रश्न तिला आज पहिल्यांदा पडला. तिने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"तसं नव्हतं म्हणायचं मला," ती म्हणाली.

"तसंच म्हणायचं होतं," दादा म्हणाला. "आणि चूक नाहीये त्यात."

आईच्या तीन मुलांपैकी एकट्या दादाचं बालपण या घरात गेलं नव्हतं. ताई झाली आणि आईच्या छातीत दुखणं बसलं, म्हणून तीन वर्षांच्या दादाला मावशीने नेलं. तिला मूल नव्हतं. तिचा नवरा चष्मे करायचा. आई बरी झाली तरी कोणी त्याला परत आणायला गेलं नाही. दुसरा होईल, असं उस्ताद म्हणाले, आणि धाकटा झाला. म्हणूनच दादा आपल्या आईला अजून अहो-जाहो करायचा. तीन मुलांत तो एकटाच.

"मी बोलतो तिच्याशी," तो म्हणाला.

"काय बोलणार?" वहिनीने विचारलं.

"विचारतो. अजून कोणी विचारलंय का तिला, असं का केलंस म्हणून?"

कोणीच विचारलं नव्हतं.

दादा बाकावर बसला. दुसऱ्या टोकाला नाही, तिच्या शेजारी. तिच्या अंगाला लाकडाच्या भुशाचा वास येत होता. जन्मली तेव्हा इतकी किडकिडीत होती की आजीने तिचं नाव काडी ठेवलं, आणि शाळेत गेल्यावर कोणी काही म्हटलं की ही आपणहून सांगायची, काडीपेटीतली नाही, नुसती काडी. तेव्हा हसायची ती.

"छोटी कशीय?" तिने विचारलं.

"झोपलीय. तिला आत का ठेवलंस?"

"ती रडत होती."

"का?"

"पडली होती. गुडघा खरचटला. मी म्हटलं गप्प बस, तर आणखीच रडायला लागली. मला तो आवाज सहन होत नाही, काका. डोक्यात काहीतरी होतं."

"मग?"

"मग आत ठेवलं. रडायची थांबली की उघडणार होते, तिला तसं सांगितलंही." तिने त्याच्याकडे बघितलं. एवढी साधी गोष्ट या मोठ्या माणसाला कशी कळत नाही, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. "रडणं थांबल्याशिवाय उघडायचं नसतं ना. मध्येच उघडलं तर सवय लागते."

दादा तिच्याकडे वळून बसला.

"असं कोण म्हणतं?"

"बाबा. आई गेली तेव्हा मी खूप रडायचे. मग ते मला तिथे ठेवायचे. आधी मला कळायचं नाही, मी आणखी ओरडायचे. मग कळलं. तोंडात फ्रॉक कोंबायचा आणि मनात काहीतरी म्हणत बसायचं. मग दार उघडतं. बाबा म्हणाले, त्यांना तर माझ्याहून लहान असताना जमायचं."

आतल्या दारात पावलं वाजली. ताई आणि वहिनी उभ्या होत्या, त्यांच्या मागे आई. कधीपासून उभ्या होत्या कोणास ठाऊक.

दादाने आईकडे बघितलं. "उस्ताद धाकट्याला तिथे कोंडायचे?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी बाहेर पाणी घेऊन उभी असायचे," ती म्हणाली. "बाहेर आला की लगेच द्यायचे त्याला."

तिच्या बोलण्यात सारवासारवीचा सूर नव्हता. जे केलं ते तिने सांगितलं, आणि ते सांगताना आपण चांगलंच काहीतरी सांगतोय असं तिला वाटत होतं. ताईने डोळे मिटले. तिलाही कधी कधी माजघरातून ते ओरडणं ऐकू यायचं. तेव्हा ती पाढे म्हणायची, मोठ्याने.

"बरं झालं, कळलं तरी," वहिनी हळूच म्हणाली. तिचा आवाज जरा निवळला होता. "म्हणजे हिचा दोष नाही. हिला शिकवलंच तसं."

दादाला तिथेच थांबता आलं असतं. सगळ्यांना हायसं वाटलं असतं, त्यालाही. पण मुलीच्या मांडीवरची बोटं त्याला दिसत होती. एकमेकांत घट्ट अडकलेली, टोकं पांढरी पडलेली.

"काडी, एक खरं सांगशील? ती आत ओरडत होती आणि तू ऐकत होतीस, तेव्हा तुला कसं वाटलं?"

काडीने दाराकडे बघितलं. दारात उभ्या असलेल्या बायका तिला दिसत होत्या. आत्या दाराची चौकट धरून होती. काकू पुढे यायला निघाली होती आणि मध्येच थांबली होती. सगळे आपल्याला घाबरतात हे तिला कालच कळलं होतं. आत जे होतं ते चेहऱ्यावर कसं आणायचं, हे मात्र तिला कळत नव्हतं. ते आत कुठेतरी राहूनच जायचं, आणि मग लोक म्हणायचे, हिला काहीच वाटत नाही.

"आधी भीती वाटली," ती म्हणाली.

"मग?"

"मग बरं वाटलं. थोडंसं. सगळं शांत झाल्यासारखं. आत मी नाहीये, दुसरं कोणीतरी आहे, म्हणून."

वहिनीच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. ताईने तिचा दंड धरला.

"मला माहितीय ते," दादा म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी शाळेत एका मुलाचं डोकं भिंतीवर आपटलं होतं. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. त्याने मला काहीसुद्धा केलं नव्हतं, नुसतं हसला होता. तो खाली पडला, आणि मला इतकं शांत वाटलं की मी तिथेच उभा राहिलो. मला तर कोणी कुठे कोंडलं नव्हतं, काडी. मावशीने कधी चापटही मारली नाही. तरी ते होतं. अजून आहे."

हे बोलताना तो बायकोकडे बघत नव्हता. बघण्याची त्याची छाती झाली नाही.

"मग तुम्ही तुरुंगात का नाही गेलात?"

"मावशीचे यजमान मला रोज त्या मुलाच्या घरी घेऊन जायचे. त्याची जखम बरी होईपर्यंत. मी त्याचं बँडेज धरून बसायचो आणि ते माझ्या शेजारी बसायचे. रागावले नाहीत, उठूही दिलं नाही. मला वाटायचं पळून जावं. पण त्यांना माझी भीती वाटत नव्हती. मला वाटतं, तेवढ्यानेच झालं." तो थांबला. "धाकट्याच्या शेजारी कोणी बसलं असतं तर काय झालं असतं, माहीत नाही. कदाचित हेच झालं असतं. मला खरंच माहीत नाही."

जिन्यावर काहीतरी हललं.

छोटी उठून खाली आली होती. अनवाणी, गुडघ्यावर पट्टी, हातावर सलाईनची चिकटपट्टी. शेवटच्या पायरीवर ती उभी राहिली. आधी तिला आई दिसली, आणि मग बाकावरची काडी.

तिचा चेहरा रडण्यासाठी वाकडा झाला. ओठ पसरले, हनुवटी थरथरली, डोळे भरले. वहिनी तिच्याकडे धावली. पण आवाज आलाच नाही. छोटीने स्वतःची मूठ तोंडात घातली होती. जाईल तितकी आत, डोळे विस्फारून, आणि तिचं सगळं अंग आवाज न करता हुंदके देत होतं.

"काय झालं? अगं हात काढ. हात काढ बाळा, गुदमरशील."

छोटीने मान हलवली. वहिनीने जोर लावून मूठ बाहेर ओढली तेव्हा त्यावर दातांचे व्रण उमटले होते.

"रडले तर उघडत नाहीत," छोटी कुजबुजली. "मी रडत नाहीये."

आई मटकन खाली बसली. कोणी तिला उठवायला गेलं नाही. त्या दारामागे छोटी फार वेळ नव्हती. पण तेवढ्यातही ती ते शिकून आली होती.

"रड," वहिनी म्हणाली. ती जमिनीवर बसली होती, पोरीला मांडीत घेऊन. "रड तू. मी घेतलंय तुला. मोठ्याने रड, कोणी काही करणार नाही." आणि ती स्वतःच रडायला लागली. मग कितीतरी वेळाने छोटीच्या घशातून एक चिरका आवाज आला, आणि बांध फुटला.

काडी उठून उभी राहिली. दोन्ही हात तिने कानांवर दाबले होते. दादा तिच्यासोबत उठला. तिला धरलं नाही, पण दूरही झाला नाही.

ठरलं ते फारशी चर्चा न होताच ठरलं. दादा म्हणाला, मी काडीला आमच्याकडे नेतो. वहिनी म्हणाली, "नाही. मला तिची कीव येते, पण नाही. माझ्या मुलीच्या छपराखाली नाही. मला वाईट म्हणायचं तर म्हणा." कोणी तिला वाईट म्हणालं नाही. मग ती दादाला म्हणाली, "आणि तू मला हे आधी का सांगितलं नाहीस?" तिने छोटीला कडेवर घेतलं आणि वर गेली, आणि तो तिच्या मागून जावं की नाही हे न कळून पायरीवर उभा राहिला.

"माझ्याकडे येऊ दे," ताई म्हणाली. संस्थेचं नाव सुचवणारी तीच होती. आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. "माझ्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या आहेत. डॉक्टरांनाही तिथूनच दाखवता येईल. दादा, तू रोज यायचंस. रोज म्हणजे रोज."

"येईन."

"आणि माझं?" आई जमिनीवरूनच म्हणाली. "मी एकटी राहू इथे?"

ताईने तिच्याकडे बघितलं. मनात जे आलं ते तिने बोलून दाखवलं नाही.

उन्हं उतरायच्या आत दोघी निघाल्या. काडीचं सामान एका पिशवीत मावलं. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही. ताई मनातल्या मनात घरभर फिरत होती. कात्री कुठे आहे, सुया कुठे आहेत, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का? मग तिला आठवलं की मावशीचे यजमान घाबरले नव्हते. तसं आपल्याला जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण घाबरणार. घाबरूनच शेजारी बसावं लागणार.

नर्सांच्या क्वार्टरचा जिना चढताना समोरच्या घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. ताईच्या शेजारणीला नुकतंच मूल झालं होतं. सकाळी निघताना हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचे पाय जागच्या जागी थांबले. काडीही थांबली.

बाळ जोरात रडत होतं. आतून पावलं आली, बाईचा आवाज आला, आणि तरी ते रडतच राहिलं.

"तिने घेतलं का त्याला?" काडीने विचारलं.

"हो. घेतलं असेल."

"अजून रडतंय तर."

"मुलं रडतात गं. घेतलं तरी रडतात कधी कधी."

काडीच्या कपाळावर घाम आला होता. कानांकडे निघालेले हात तिने मध्येच खाली घेतले. तेवढ्यात शेजारणीचं दार उघडलं. ती बाळाला खांद्यावर टाकून हवेला बाहेर आली होती.

"आलात का ताई? बघा ना, दुपारपासून असंच चाललंय. आणि ही कोण?"

"माझी भाची. राहायला आलीय."

"बरं झालं की. ये गं, बघतेस का याला?" तिने बाळाचा लालबुंद चेहरा काडीकडे वळवला आणि सहजपणे एक पाऊल पुढे आली.

ताई मध्ये सरकली. अगदी अर्धं पाऊल, पण सरकली. काडीने ते बघितलं. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदाच काहीतरी हललं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडलं.

"मी हात नाही लावणार," ती म्हणाली. "मी लांबूनच बघते. आत्या, तू पण इथेच थांब."